सवयी चांगल्या, तरी फरक का पडत नाही? या चुका टाळा

वेळेवर झोपा, चाला, पाणी प्या, दात नीट घासा. यातलं काहीच कुणाला नव्यानं सांगावं लागत नाही. तरी सगळं मनापासून करूनही सकाळी अंग जड ते जडच, अशी तक्रार करणारे पुष्कळ भेटतात. बऱ्याचदा खोट सवयीत नसते. ती कधी, किती आणि कशाच्या आधी-नंतर करतो, तिथं गडबड असते.

झोप लागत नाही म्हणून लवकर आडवं होणं

ही सगळ्यात साळसूद दिसणारी चूक. आदल्या रात्री झोप झाली नाही, म्हणून आज नऊलाच अंथरूण गाठायचं. डोळे मिटून पडायचं, कूस बदलायची, मग उशाजवळचा मोबाइल उचलून वेळ बघायची आणि मनात हिशेब मांडायचा: आत्ता लागली तरी पाचच तास मिळतील. हा हिशेबच उरलीसुरली झोप उडवतो. आपण जितके तास जागे असतो, तितकी झोपेची ओढ वाढत जाते. ती पुरेशी वाढलेली नसताना दोन तास आधी पडून राहिलं, तर हाती फक्त तळमळ येते. असं रोज झालं की अंथरूण दिसताच मेंदू जागा व्हायला शिकतो.

उपाय ऐकायला उफराटा वाटेल. झोपायची नव्हे, उठायची वेळ पक्की करा, आणि सुट्टीच्या दिवशीही तीच ठेवा. सुट्टीला दोन-तीन तास उशिरा उठलं की शरीराचं घड्याळ मागे सरकतं, त्या रात्री झोप येत नाही आणि नव्या आठवड्याची सुरुवातच पेंगत होते. अंदाजे वीस मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून दुसरीकडे बसा, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं वाचा, डोळे जड झाले की परत या. घड्याळाचं तोंड भिंतीकडे करा.

आणि हो, संध्याकाळचा कप. कॅफीन म्हणजे चहा-कॉफीतलं झोप उडवणारं द्रव्य. शरीरात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मं बाहेर पडायला साधारण 5 ते 6 तास लागतात. पाचला घेतलेल्या कॉफीतलं निम्मं कॅफीन रात्री दहा-अकरालाही अंगात असतं. ‘मला कॉफी पिऊनही मस्त झोप लागते’ असं सांगणाऱ्यांना झोप लागते हे खरं, पण गाढ झोपेचा वाटा कमी होतो आणि त्यांना ते कळतही नाही.

दहा हजारांच्या मागे धावणं

1965 मध्ये जपानमध्ये ‘मानपो-केई’ नावाचं पावलं मोजणारं यंत्र विकायला आलं. रोज दहा हजार पावलं चालायचा आकडा त्यातून सगळीकडे गेला. तो कुठल्या वैद्यकीय प्रयोगातून आलेला नाही. पुढच्या अभ्यासांत असं दिसलं, की साठीपुढच्या लोकांना बराचसा फायदा सहा ते आठ हजारांपर्यंतच मिळून जातो. त्यामुळे आकडा भरायचा म्हणून रात्री उशिरा खोलीत येरझाऱ्या घालण्यात काही हशील नाही.

पावलांच्या नादात वेग आणि ताकद या दोन गोष्टी मात्र हमखास सुटतात. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम आणि शिवाय किमान 2 दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम सुचवते. मध्यम म्हणजे किती? चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. दुसरं, सकाळी तासभर चालून उरलेला दिवस खुर्चीत काढत असाल तर तो बसण्याचा वेळही तोडायला हवा. जेवण झाल्यावर दहा मिनिटं चाललात, तरी पायांचे स्नायू रक्तातली साखर वापरायला लागतात आणि जेवणानंतरची तिची उसळी कमी होते.

सवय बरोबर, मोजमाप चूक

घरी रक्तदाब मोजणाऱ्यांचं बघा. जिना चढून आले, टेकले आणि शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला. पाय लोंबकळतायत, तोंड चालू आहे. असा आकडा वाढीव येणारच. आधी पाच मिनिटं शांत बसा. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीवर हवा. लघवी तुंबलेली असली तरी आकडा चढतो.

पाण्याचं थोडक्यात. आठ ग्लासांचा नियम सगळ्यांना सारखा लागू नाही, कारण अन्नातूनही पाणी मिळतं. निरोगी माणसानं तहान आणि लघवीचा रंग बघावा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांनी सांगितलेलंच प्रमाण पाळावं.

दात जोर लावून घासणं ही तर शिक्षाच. ब्रशचे केस महिन्याभरात बाहेर पसरत असतील, तर तुम्ही हिरड्याच खरवडताय. मऊ ब्रश, हलका हात, दोन मिनिटं. आंबट खाल्ल्यावर अर्धा तास थांबा.

एकवीस दिवसांनी निराश होणं

एकवीस दिवसांत सवय लागते, ही समजूत मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या 1960 सालच्या निरीक्षणाचा विपर्यास आहे. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या रूपाशी जुळवून घ्यायला निदान एवढे दिवस लागतात, असं ते सांगत होते. लंडनमधल्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 2009 साली मांडलेल्या अभ्यासात हा काळ साधारण 66 दिवसांचा निघाला, आणि माणसागणिक तो 18 ते 254 दिवस इतका बदलत होता. एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. त्यामुळे बाविसाव्या दिवशीही कंटाळा येत असेल तर त्यात तुमचं काही चुकत नाही.

आणि एवढं सुधारूनही आठवड्यातून तीन-चार रात्री झोप लागत नसेल, घोरताना श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील, किंवा काही न करता वजन उतरत असेल, तर सवयी बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.