धुक्यात फोटो करडे आणि फोकस भटकतोय? माझा अनुभव

डिसेंबरची पहाट, नागपूरचा अंबाझरी तलाव. काका-काकू लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी पुन्हा एकमेकांना हार घालणार. घरचीच आठ माणसं. पांढरं धुकं फोटोत राखेसारखं, चेहरे काळपट, फोकस सतत मागंपुढं. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) वाढवला, ऑटोमध्ये फरक शून्य. फ्लॅश मारला तर थेंबांचे पांढरे ठिपके. जाम वैताग आला.

शेवटी जमलं ते असं: आधी त्यांच्यापासून तीन-चार पावलांवर गेलो, मधलं धुकं तेवढंच कमी. मग एकच फोकस पॉइंट (कॅमेरा जिथे फोकस धरतो तो बिंदू), तो काकूंच्या शालूच्या जरीकाठावर. काठ कॅमेऱ्यापासून चेहऱ्याइतक्याच अंतरावर हवा. फोकस मिळताच लेन्स मॅन्युअल फोकसवर, म्हणजे तो भटकत नाही. नंतर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटोचा उजेड कमी-जास्त करायची सेटिंग) +१. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर पांढऱ्यालाही मध्यम करडं समजतो. व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) ५५०० केल्विन. हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) उजवीकडे, म्हणजे उजळ बाजूला, पण कडेला न चिकटलेला. कुणी हललं की फोकस पुन्हा.