पिंजऱ्यात मासे पाळताय? पाण्याच्या बाबतीत या चुका टाळा

धरणात पिंजरे टाकायची पुण्यात सध्या हौस आलीय. कोथरूड-हिंजवडीची मंडळी शनिवारी गाडी काढतात, मिसळ खाऊन अकराच्या सुमाराला धरणावर पोचतात. मला फोन येतो तो मासे उलटे तरंगायला लागल्यावर.

पहिली चूक या अकराच्या वेळेतच आहे. तोवर ऊन चढलेलं असतं, शेवाळानं प्राणवायू सोडलेला असतो. प्राणवायू मोजायचा मीटर हातभर बुडवला की लिटरला 7 मिलिग्रॅम दाखवतो आणि गडी खूश. तेच पाणी पहाटे पाचला 2-3 वर असू शकतं, कारण रात्रभर मासे, शेवाळ आणि तळातला गाळ सगळेच प्राणवायू खातात.

तीन वर्षांपूर्वी अशाच एका पोराचे पश्चिमेकडच्या एका धरणात बारा पिंजरे होते. मोबाइलवर नोंदी चोख, एकही आकडा 6 च्या खाली नाही. मी विचारलं, "तळाला किती?" तर म्हणे, "तळाला आपले मासे कुठेत, सर?"

मे महिन्यात वरचं पाणी तापतं, तळाचं गार राहतं. आपल्याकडच्या कोमट पाण्यात तीन-चार अंशांचा फरकही दोन थर वेगळे ठेवायला पुरतो. खालच्या थराला आठवडेच्या आठवडे हवा लागत नाही. उरलेलं खाद्य आणि विष्ठा तिथंच कुजते. मग दोन दिवस आभाळ आलं, रात्री वळीव झोडपून गेला, वारं सुटलं आणि ते कुजकं पाणी वर आलं. पहाटे होडीतून गेलो तर सडक्या अंड्यांचा वास आणि पिंजऱ्यांत नुसती पांढरी पोटं. धरणातले मासे केव्हाच पसार झाले होते. पिंजऱ्यातले जाणार कुठं? वल्हं मारणारे आबा एवढंच म्हणाले, "पाणी उलटलं, साहेब."

फिलिपिन्सच्या ताल सरोवरात 2011 च्या मेअखेरीस मासे असेच टनांनी मेले. सुमात्रातल्या मनिंजाऊत तर हे पुन्हा पुन्हा होतं. दोन्हीकडे पिंजऱ्यांची गर्दी फार. म्हणून माझा मीटर पहाटे पाण्यात जातो, आणि त्याची दोरी तळापर्यंत पोचते. दर दोन मीटरला एक आकडा. कंटाळा येत असेल तर घरी काचेच्या टाकीत गप्पी पाळा.

दुसरी चूक म्हणजे पोत्यावर छापलंय म्हणून तेवढं खाद्य ओतणं. 28 टक्के प्रथिनांच्या 100 किलो खाद्यात साडेचार किलो नायट्रोजन असतो. माशाच्या अंगी लागतो दीड-पावणेदोन किलो, बाकीचा पाण्याच्या वाट्याला. फॉस्फरसचंही तसंच, आणि गोड्या पाण्यात शेवाळ फोफावतं ते बहुतेक वेळा त्याच्याच जिवावर. उजनीत तर मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून पुढे आपलंच सांडपाणी जातं. त्या पाण्याला आधीच पोट फुटेस्तोवर वाढलेलं आहे. मी चार मुठी टाकतो आणि थांबतो. पंगस (पिंजऱ्यातला मासा) पाण्यावर तुटून पडला तर आणखी चार. आभाळ आलं की खाद्य बंद, मासे मागेनात का.

जागा ऑक्टोबरातल्या भरल्या धरणावरून ठरवू नका. पिंजरा चार मीटर खोल, आणि मेमध्ये त्याचा तळ चिखलाला टेकतो. गावातल्या म्हाताऱ्याला विचारा, उन्हाळ्यात जमीन कुठवर उघडी पडते. तेव्हाही पिंजऱ्याखाली पाच-सहा मीटर पाणी उरत नसेल तर मी तसाच माघारी येतो.

हिरवं पाणी दिसलं की मोरचूद टाकू नका. शेवाळ एकदम मरतं, कुजतं आणि उरलासुरला प्राणवायूही खातं.

मेलेले मासे धरणात भिरकावू नका.

अमोनियाचा आकडा सामूशिवाय (pH शिवाय) वाचू नका. 25 अंशांना सामू 7 असेल तर त्यातला विषारी भाग एक टक्काही नसतो. दुपारी सामू 9 वर गेला की तिसऱ्या हिश्श्याहून जास्त.

'पाणी शुद्ध करणाऱ्या' जिवाणूंच्या बाटल्या? धरणात म्हणजे दर्यात खसखस.

त्या पोराचे आता सहाच पिंजरे आहेत. परवा सव्वापाचला त्याचा फोन आला, "सर, वर 5, तळाला 1.2, आणि आभाळ आलंय." म्हटलं, आज पोतं उघडू नकोस.