कॅन्सर झालाय, हे मुलांना आईनंच सांगावं

माझ्या छातीतल्या गाठीचा रिपोर्ट आला तेव्हा थोरली 14 वर्षांची होती, धाकटा 6 वर्षांचा. सासूबाई म्हणाल्या, "लेकरांना काय कळतंय, नको सांगू." मी ऐकलं. आठवडाभर "आईला बरं नाही" एवढ्यावर भागवलं. पण सोलापुरात "बार्शीला चाललेत" म्हटलं की समोरचा ओळखतो, कॅन्सरचं नर्गिस दत्त हॉस्पिटल तिथंच आहे. थोरलीला जिन्यात एका शेजारणीकडून कळलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. "सगळ्या गल्लीला माहीत, मलाच नाही," एवढंच म्हणाली.

म्हणून सांगते, निदान पक्कं होऊन उपचार ठरले की एक-दोन दिवसांत सांगून टाका. त्याआधी नवरा-बायको दोघं मिळून शब्द ठरवा, आणि घरातल्या मोठ्यांनाही तेच शब्द सांगून ठेवा. झोपायच्या वेळी विषय काढू नका. आम्ही रविवारी सकाळी, मी भाकरी थापताना सांगितलं. हात कामात असले की आवाज कमी कापतो.

शब्द "कॅन्सर" हाच वापरा. नुसतं "बरं नाही" म्हणत राहिलात तर उद्या बाबांना सर्दी झाली तरी लहान मूल धास्तावतं. मी म्हणाले, "आईच्या छातीत गाठ झालीय, त्या आजाराला कॅन्सर म्हणतात. डॉक्टर ऑपरेशन करून ती काढतील, मग सलाईनमधून औषध देतील. त्यानं माझे केस जातील, औषध संपल्यावर परत येतील." धाकटा भाकरीचा पापुद्रा सोलून त्याचे तुकडे करत बसला. एकही तोंडात घातला नाही. मग खाली बघूनच म्हणाला, "गड्ड्याच्या जत्रेहून आल्यावर मी तुझ्या अंगावर उडी मारली होती. तू आई गं म्हणालीस. त्यामुळं झालं का?"

तव्यावरची भाकरी करपली. मी त्याला पिठाच्या हातानंच जवळ घेतलं.

या वयाची मुलं दोष स्वतःकडे घेतात, आणि बरीचशी ते बोलूनही दाखवत नाहीत. त्यांनी विचारलं नाही तरी सांगा: तू काही केलंस, बोललास, रागावलास म्हणून हे झालेलं नाही. आणि हा आजार लागत नाही. सासूबाईंनी काळजीपोटी माझा पेला वेगळा ठेवला, तर धाकट्यानं माझ्या ताटात जेवणं सोडलं. पेला परत मांडणीत गेला. बाहेरून शेक (रेडिएशन) देतात तेव्हाही किरण अंगात राहत नाहीत, घरी येऊन मुलांना खुशाल कुशीत घ्या.

लहानांना पुढचा प्रश्न असतो तो डबा कोण देणार, रिक्षापर्यंत कोण सोडणार. तेही नावानिशी सांगा. केस साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जायला लागतात, ते आधी सांगून ठेवा. लाल रंगाचं औषध असेल तर एक-दोन दिवस लघवी लाल होते, मुलानं बाथरूममध्ये बघितलं तर त्याला रक्तच वाटणार. वर्गशिक्षकांच्या कानावर घाला.

थोरलीनं रात्री अंधारात विचारलं, "मरशील का गं तू?" "नाही गं" असं अगदी ओठांवर आलं होतं. पण तो शब्द माझ्या हातात नव्हता. मी म्हणाले, "मला माहीत नाही. उपचार आहेत, ते सगळे मी घेणार. काही बदललं तर तुला माझ्याकडूनच कळेल." मोठ्या मुलीला घरातली दुसरी आई करू नका, तिचा अभ्यास आणि मैत्रिणी तशाच राहू द्या. मूल आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, जेवत नसेल किंवा शाळेला नको म्हणत असेल, तर हॉस्पिटलमधल्या समुपदेशकांशी बोला.

चौथ्या डोसाच्या वेळी पांढऱ्या पेशी कमी भरल्या आणि डोस आठ दिवस पुढं गेला. बार्शीहून परतताना एसटीतूनच फोन लावला. पहिला थोरलीला.