जँगोत मराठी यूआरएल: काना-मात्रा गायब, माझा अनुभव

आमच्या कोल्हापुरात चप्पल लाइनला मित्राचं दुकान हाय, त्याची साइट जँगोत (पायथन भाषेतली साइट बनवायची चौकट) करून देत होतो, त्याला लिंक मराठीतच पायजे होती, कापशी-चप्पल अशी. तर पान उघडलं की सरळ ४०४, म्हणजे पान सापडलंच नाही. कारण लिंकमधल्या नावाच्या तुकड्याला स्लग म्हणतात, आणि तो तपासून घेणारा जँगोचा स्लग कन्व्हर्टर फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे, डॅश आणि अंडरस्कोअर घेतो.

मग नावावरनं स्लग बनवणाऱ्या जँगोच्या स्लगिफाय फंक्शनला अलाऊ युनिकोड ट्रू दिलं (म्हणजे इंग्रजीशिवायची अक्षरंपण चालू दे), तर स्लग आला कपश-चपपल! लई वाईट वाटलं बघून, आपली भाषा अशी मोडलेली. पायथनच्या रेजेक्समधला (अक्षरांचा नमुना जुळवायची पद्धत) बॅकस्लॅश डब्ल्यू, म्हणजे 'कुठलंही अक्षर' ही खूण, काना, मात्रा, हलंत यांना अक्षर धरतच नाही भावा, म्हणून ते सगळे गळतात.

शेवटी जँगोच्याच स्ट्रिंग कन्व्हर्टरवरनं स्वतःचा कन्व्हर्टर क्लास काढला, त्याच्या रेजेक्समध्ये बॅकस्लॅश डब्ल्यू आणि डॅशसोबत देवनागरीची पूर्ण युनिकोड रेंज टाकली, यू०९०० ते यू०९७एफ, आणि रजिस्टर कन्व्हर्टरनं नोंदवला. स्लग बनवायचं फंक्शनपण त्याच रेंजनं लिहिलं. मॉडेलमधलं (डेटाबेसच्या तक्त्याची मांडणी) स्लगफील्डसुद्धा असंच अडवतं, तिथं युनिक ट्रू (एकच स्लग दोनदा नको) देऊन कॅरफील्ड, म्हणजे साधा मजकुराचा रकाना घेतलं. आणि 'नवीन' अशा ठरलेल्या नावाच्या पानाचा पाथ (लिंकचा नियम) ह्या स्लगच्या पाथच्या वर ठेवा, नायतर तोपण स्लग म्हणूनच पकडला जातो. आता कापशी-चप्पल लिंक काना-मात्रेसकट उघडते.