चित्रपटातल्या गुन्ह्याला सिद्धांत लावायचा, चिकटवायचा नाही

गुन्हेगारीशास्त्र शिकणाऱ्याला हा निबंध कधी ना कधी लिहावाच लागतो: एक चित्रपट घ्या, त्यातला गुन्हा घ्या, त्याला सिद्धांत लावा. सोबत सल्लाही ठरलेला असतो. आधी व्याख्या, मग कथेचा सारांश, शेवटी 'यावरून अमुक सिद्धांत सिद्ध होतो'. असे निबंध मी इतके तपासलेत की पहिला परिच्छेद वाचला की शेवटचा न बघता सांगतो. पटकथाकाराने रचलेल्या गोष्टीवरून काहीही सिद्ध होत नसतं. सिद्धांत त्या प्रसंगातलं काय उलगडतो आणि कुठे अडतो, एवढंच दाखवता येतं, आणि तेवढं नीट दाखवलं तरी पुष्कळ झालं.

मुख्य सिद्धांत तुम्ही वाचलेत असं धरून चालतो. उदाहरण म्हणून व्हित्तोरिओ दे सिका यांचा १९४८ सालचा 'बायसिकल थीव्ज' घेतो. कारण साधं आहे: त्यात एकाच प्रकारची वस्तू दोनदा चोरली जाते, दोन वेगळी माणसं चोरतात, आणि दोन्ही चोऱ्या एकाच सिद्धांतात बसत नाहीत. मूळ इटालियन नावातही 'चोर' अनेकवचनी आहे. इंग्रजीत बरीच वर्षं ते एकवचनी करून चालवलं गेलं आणि सगळी गंमत गेली.

१. चित्रपट दोनदा पाहा

दुसऱ्यांदा पाहताना हातात वही हवी. बस.

२. माणूस नको, कृती निवडा

'नायक गुन्हेगार का झाला' हा प्रश्न घेऊन बसू नका, त्याला अंत नाही. 'या माणसाने या क्षणी हे का केलं' एवढाच घ्या. आपली कृती शेवटची: बेकार अंतोनियोला पोस्टर चिकटवायची नोकरी लागते, नोकरीला सायकल हवी, ती आधीच गहाण पडलेली, बायको घरातल्या चादरी गहाण टाकते तेव्हा ती सुटते, आणि कामाच्या पहिल्याच दिवशी सायकल चोरीला जाते. शोधून शोधून थकल्यावर तो स्वतःच दुसऱ्याची सायकल उचलतो. ही कृती.

३. दिसतं ते लिहा, वाटतं ते नाही

'तो हताश झाला' ही नोंद नव्हे. फुटबॉलच्या मैदानाबाहेर सायकलींच्या रांगा आहेत. पलीकडच्या रस्त्यावर एका दारापाशी एकच सायकल भिंतीला टेकलेली आहे, जवळ कोणी नाही. तो बसतो, उठतो, वळून पुन्हा तिकडेच बघतो. मग मुलाला, ब्रुनोला, पैसे देऊन ट्रामने पुढे जायला सांगतो. मग सायकल उचलतो. या पाच-सहा ओळींच्या जोरावर पुढचा सगळा निबंध उभा राहतो.

४. सिद्धांताला 'नाही' म्हणायची जागा द्या

माझी गाडी इथेच अडायची. माझ्या पहिल्या निबंधात (चित्रपट वेगळा होता) मी समाजशास्त्रज्ञ मर्टन यांचा ताण सिद्धांत घेतला होता. समाज उद्दिष्टं दाखवतो, वैध मार्ग मात्र सगळ्यांना देत नाही, म्हणून काही जण वेगळा मार्ग काढतात. नायक गरीब होता, त्याने चोरी केली, सगळं चपखल बसलं. बारा पानं झाली. मार्गदर्शकांनी समासात पेन्सिलीने एकच ओळ लिहून परत केली: 'शेजारचा गरीब चोरी का करत नाही?'

मला त्याचा राग आला होता. आता तीच ओळ मी दुसऱ्यांच्या समासात लिहितो.

'बायसिकल थीव्ज'मध्ये हा प्रश्न अगदी सुरुवातीलाच उभा आहे. कामाच्या आशेने जमलेल्या बेकारांच्या गर्दीतून अंतोनियोचं नाव पुकारलं जातं. बाकी सगळे तसेच उभे राहतात. गरिबी चोरी घडवत असती तर ती अख्खी गर्दी चोर निघाली असती. शिवाय मर्टन यांनी १९३८ साली मांडलं ते समाजरचनेबद्दल होतं: काही गटांत गुन्ह्यांचं प्रमाण जास्त का असतं याबद्दल. ते एका माणसाच्या एका दुपारवर उतरवणं म्हणजे जिल्ह्याच्या नकाशात घराचं दार शोधणं. एका व्यक्तीच्या ताणाबद्दल बोलायचं तर अ‍ॅग्न्यू यांची १९९२ सालची मांडणी घ्या. तिच्यात ताणाचे तीन उगम आहेत: हवं ते न मिळणं, जवळचं मोलाचं हिरावलं जाणं, नकोशा गोष्टींना तोंड द्यावं लागणं. अंतोनियोच्या बाबतीत दुसरा उगम ढळढळीत समोर आहे. तरीही अडचण उरतेच: सायकल गेली ती आधी, चोरी केली ती कितीतरी नंतर. ताण सगळा वेळ होता. मग चोरी तेव्हाच का?

म्हणून माझा नियम: कुठलाही सिद्धांत घेतला की आधी विचारायचं, 'हा खरा असता तर पडद्यावर आणखी काय दिसायला हवं होतं?' आणि ते दिसतं का ते बघायचं. वर्षानुवर्षं हे करून माझ्या लक्षात आलंय की तीन-चार सिद्धांत या एका प्रश्नावरच गळतात.

सदरलँड यांचा सिद्धांत घ्या. गुन्हा जवळच्या लोकांत राहून शिकला जातो, त्याचं तंत्रही आणि त्याची कारणमीमांसाही. हा खरा असेल तर कसब दिसायला हवं, साथीदार दिसायला हवेत. पहिल्या चोरीत ते दिसतात: अंतोनियो शिडीवर असताना पोरगा सायकल पळवतो आणि साथीदार पाठलागाची दिशा चुकवतात. अंतोनियोच्या स्वतःच्या चोरीत काय दिसतं? एकटा माणूस, भर रस्त्यात, काही क्षणांत पकडला जातो. त्याला हे कोणी शिकवलेलंच नाही. पहिल्या चोरीला सदरलँड चालतात, दुसरीला नाहीत.

साइक्स आणि मात्झा यांनी १९५७ साली मांडलेल्या समर्थनाच्या पाच पद्धती विद्यार्थ्यांना फार आवडतात: 'माझा इलाज नव्हता', 'कोणाचं काय बिघडलं' वगैरे. पण त्यासाठी माणसाने मनाशी किंवा मोठ्याने काहीतरी म्हणायला हवं, तेही कृतीच्या आधी. अंतोनियो गप्प आहे. त्याच्या तोंडी आपण वाक्यं घालायची नाहीत. लेबलिंगचंही तेच. गर्दी त्याला चोर म्हणते, मारते, ट्राम चुकल्याने तिथेच राहिलेला मुलगा ते बघतो, आणि थोड्याच वेळात चित्रपट संपतो. लागलेल्या शिक्क्यामुळे माणूस पुढे कसा घडतो हे सांगणारा सिद्धांत, पुढचं काही दाखवलेलंच नसताना कसा लावणार? 'तो आता अट्टल चोर होईल' असं लिहिलेलं मी प्रत्यक्ष वाचलंय.

आता तगणारे दोन. कोहेन आणि फेल्सन, १९७९: इच्छुक गुन्हेगार, सोयीचं लक्ष्य आणि राखणदाराचा अभाव एकत्र आले की गुन्हा घडतो. रांगांमधल्या सायकली सोडून दारापाशी टेकलेली एकच का निवडली, याचं उत्तर इथे मिळतं. दुसरं हर्शी यांचं, १९६९ सालचं: माणूस बंधांमुळे गुन्ह्यापासून दूर राहतो, आणि त्यातला एक बंध म्हणजे जवळच्यांची ओढ. आता तिसऱ्या पायरीतली नोंद पुन्हा वाचा. चोरीच्या आधी तो मुलाला तिथून घालवतो. बंध तुटलेला नाही, उलट इतका घट्ट आहे की मुलाच्या डोळ्यांदेखत त्याच्याने हे होणार नाही. माझ्या मते अख्ख्या चित्रपटातला सर्वांत बोलका पुरावा म्हणजे ते ट्रामचे पैसे. 'तेव्हाच का' याचंही निम्मं उत्तर त्यात आहे. (हर्शी यांचा अभ्यास किशोरवयीन मुलांचा होता. प्रौढांच्या बंधांसाठी सॅम्पसन आणि लॉब यांचं १९९३ सालचं काम जोडा, नाहीतर परीक्षक तिथेच पकडतात.)

दोन सिद्धांत पुरे. एका गुन्ह्याला पाच लावणं म्हणजे एकही न लावणं.

५. कॅमेऱ्याचा पक्षपात मोजा

अंतोनियोसोबत आपण जवळजवळ दीड तास असतो. त्याची सायकल चोरणाऱ्या पोरासोबत काही मिनिटं. त्यामुळे हात आपोआप तसाच चालतो: नायकाला 'परिस्थिती', पोराला 'वाईट संगत'. खरं तर दिग्दर्शकाने त्या पोराचं घरही दाखवलंय, दाटीवाटीची खोली, आई, दारिद्र्य. ताण सिद्धांत अंतोनियोला लावून त्या पोराला लावायचा टाळलात, तर तुम्ही विश्लेषण केलेलं नाही, नायकाची बाजू घेतलीय. मी निबंध तपासताना आधी हेच बघतो.

सोपी युक्ती: ज्या पात्राचा तुम्हाला राग येतो त्याच्या कृतीला तोच सिद्धांत लावून एक परिच्छेद लिहा. तो लिहिताना अवघडल्यासारखं झालं तर नायकावरचा परिच्छेदही पुन्हा लिहावा लागणार, हे समजा.

६. लिहा

सारांशाला चार ओळी, व्याख्येला दोन. उरलेली जागा चौथ्या आणि पाचव्या पायरीला. नाकारलेले सिद्धांतही कारणासह निबंधात ठेवा, गुण तिथे मिळतात.

सायकलच्या मालकाने ब्रुनोकडे बघून तक्रार का सोडून दिली, हा प्रश्न मात्र याच निबंधात घ्यायचा मोह आवरा. गुन्हा का घडला याच्याशी त्याचा संबंध नाही. गुन्ह्यानंतर लोक कसे वागतात, हा वेगळा विषय आहे, त्याचे सिद्धांत वेगळे, आणि तुमची शब्दमर्यादा तोवर संपलेली असते.