जुनी पॉकेट बाइक वेगवान करताना या चुका टाळा

मुंबईत एका हातातून दुसऱ्या हाती जाणाऱ्या पॉकेट बाइक, म्हणजे अगदी छोट्या मोटारसायकली, बहुतेक करून ४९ सीसीच्या, हवेने थंड होणाऱ्या दोन-स्ट्रोक इंजिनाच्या असतात. त्यांना गिअरबॉक्स नसतो. दोरी ओढून इंजिन चालू करायचे, थ्रॉटल दिला की सेंट्रिफ्यूगल क्लच आपोआप पकडतो आणि चेनवाटे मागचे चाक फिरते. रचना इतकी साधी असल्यामुळे गाडी घरी आल्या दिवशीच मोठा कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग), नवा सायलेन्सर आणि हलके रीड (मिश्रण आत घेणाऱ्या झडपेच्या पातळ पात्या) मागवण्याचा मोह होतो, आणि सर्वांत महागात पडणारी चूक नेमकी हीच आहे. जुन्या इंजिनाची ताकद बहुधा कुठेतरी गळत असते; ती जागा न शोधता वर नवे भाग चढवले, तर पैसे जातात आणि पाठोपाठ पिस्टनही जातो.

दोन-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या पेटीत येते, म्हणून क्रँककेस हवाबंद असणे ही पहिली अट. क्रँकच्या दोन्ही टोकांची सील, सिलिंडरखालचे गॅस्केट आणि कार्ब्युरेटर व इंजिन यांमधला जोड वर्षानुवर्षे पडून राहिल्याने कडक होतात आणि बाहेरची हवा आत खेचू लागतात. थ्रॉटल सोडल्यावरही इंजिन काही वेळ चढलेलेच राहते, आयडलचा (थ्रॉटल न देता इंजिन ज्या वेगाने चालते त्याचा) स्क्रू कितीही फिरवला तरी स्थिरावत नाही, किंवा गरम झाल्यावर आपोआप वेग वाढवते, अशी लक्षणे दिसली तर अनेकजण जेट (कार्ब्युरेटरमधील पेट्रोलचे प्रमाण ठरवणारे बारीक छिद्राचे भाग) बदलत बसतात. ते व्यर्थ आहे. एक्झॉस्ट आणि कार्ब्युरेटरचे तोंड रबरी बुचाने बंद करावे, स्पार्क प्लगच्या छिद्रातून हातपंपाने सुमारे ६ पीएसआय दाब द्यावा आणि जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. काही मिनिटे दाब टिकला नाही, तर आधी सील बदलावी. मॅग्नेटोकडच्या, म्हणजे ठिणगीसाठी वीज तयार होते त्या बाजूच्या सीलसाठी फ्लायव्हील काढावेच लागते. त्याच वेळी त्याची चावी (फ्लायव्हील क्रँकवर जागच्या जागी धरणारा छोटा धातूचा तुकडा) थोडी कातरली आहे का हेही पाहून घ्यावे, कारण कातरलेल्या चावीने ठिणगीची वेळ सरकते आणि दोष मात्र कार्ब्युरेटरच्या माथी येतो. परत बसवताना कॉइल आणि फ्लायव्हील यांमधले अंतर साधारण ०.३ मिमी, म्हणजे व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतके ठेवावे.

दुसरी चूक ऑइलची. लुना आणि जुन्या स्कूटरच्या काळात पंपावर पेट्रोलबरोबर ऑइल टाकून घेण्याची सवय ज्यांना होती, ते आजही अंदाजाने ओततात. २५:१ म्हणजे १ लिटर पेट्रोलला ४० मिली, ४०:१ म्हणजे २५ मिली. इंजिन कोणत्या प्रमाणासाठी आहे हे पाहून मापाच्या भांड्याने मिसळावे आणि ऑइल दोन-स्ट्रोकचेच असावे. चार-स्ट्रोक गाडीचे इंजिन ऑइल चालत नाही. "थोडे जास्त घातले तर इंजिन सुरक्षित" ही समजूतही अर्धीच खरी आहे. ऑइल वाढले की त्याच जेटमधून जाणारे पेट्रोल तितके कमी होते, मिश्रण किंचित पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) बनते आणि तापमान वाढते. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलला जळण्यासाठी शुद्ध पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, म्हणून पूर्वी बरोबर असलेला मेन जेट (जास्त थ्रॉटलवर पेट्रोल देणारा) आता लहान पडू शकतो. जुन्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरमधील रबरी भाग इथेनॉलने फुगतात किंवा ठिसूळ होतात. या नळ्या स्वस्त असतात, त्या डोळे झाकून बदलाव्यात.

जेट निवडताना एका टप्प्याने मोठ्या जेटपासून सुरुवात करून हळूहळू खाली यावे, उलट दिशेने कधीही जाऊ नये. पूर्ण थ्रॉटलवर काही वेळ चालवून इंजिन तिथेच बंद करावे आणि प्लग काढून पाहावा: पांढराफटक असेल तर मिश्रण पातळ, काळा व ओला असेल तर घट्ट, आणि फिकट तपकिरी असेल तर बरोबर. आयडलवर चालवून पाहिलेल्या प्लगावरून मेन जेटविषयी काहीच कळत नाही.

एक्स्पान्शन चेंबर सायलेन्सरबाबत सर्वाधिक निराशा पदरी येते. तो फक्त धूर बाहेर काढणारा नळ नसतो. त्याच्या फुगीर भागातून परतणारी दाबाची लाट सिलिंडरमधून निसटू पाहणारे ताजे मिश्रण आत ढकलते, पण हे ठरावीक फेऱ्यांच्या पट्ट्यातच नीट घडते, आणि वेगासाठी बनवलेल्या चेंबरचा हा पट्टा बराच वर असतो. क्लच मात्र मूळ स्प्रिंगांमुळे खालच्या फेऱ्यांवरच पकडतो. त्यामुळे गाडी सुटताना इंजिन ताकदीच्या पट्ट्यात पोचण्याआधीच त्यावर भार येतो, ते गुदमरते, आणि मालक सायलेन्सर खराब निघाला म्हणून तो परत करायला निघतो. चेंबर लावायचा असेल तर क्लचच्या स्प्रिंगा त्यास जुळतील अशा कडक घ्याव्यात आणि मेन जेट पुन्हा तपासावा. स्प्रिंगा गरजेपेक्षा कडक झाल्या तर क्लच उशिरा पकडतो, घसरत राहतो आणि त्याचा ड्रम निळा पडतो. माझ्या मते, चेंबर, क्लच आणि जेट या तिन्हींसाठी पैसे नसतील तर मूळ सायलेन्सर फक्त साफ करून वापरणे शहाणपणाचे आहे. जुन्या गाडीत त्यात साठलेला कार्बन काढला तरी फरक जाणवतो.

चेनच्या गिअरिंगचे गणित कागदावर मांडावे. पुढच्या स्प्रॉकेटला (चेनच्या दातेरी चाकाला) ७ आणि मागच्याला ५४ दात असतील तर गुणोत्तर ७.७ येते, ११०/५०-६.५ टायरचा परीघ सुमारे ८६ सेंमी धरला तर इंजिनाच्या ९,००० फेऱ्यांना गाडीचा वेग ताशी जवळपास ६० किमी निघतो. पुढचे एक दात कमी केले की तोच वेग सुमारे ५२ वर येतो, पण सुटताना गाडी जोमाने निघते. लहान जागेत चालवणाऱ्यासाठी हा सर्वांत स्वस्त सुधार आहे. मात्र या गाड्यांत टी८एफ आणि २५एच अशा दोन चेन आढळतात. पहिलीचा पिच, म्हणजे लगतच्या दोन पिनांमधले अंतर, ८ मिमी, दुसरीचा ६.३५ मिमी. नुसत्या नजरेने स्प्रॉकेट घेतले तर चेन दातांवर चढते. नागदेवी स्ट्रीटवर किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर खरेदीला जाताना जुनी चेन आणि स्प्रॉकेट बरोबर न्यावे.

ताकद वाढवण्याआधी ब्रेककडे पाहावे, असे सांगणाऱ्याचे कोणी ऐकत नाही. या गाड्यांचे डिस्क ब्रेक बहुधा केबलने चालतात. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत केबल आतून गंजते आणि लिव्हर सोडल्यावरही पॅड डिस्कला घासत राहतात. थ्रॉटलची केबलही तशीच अडकते, आणि ते जास्त धोक्याचे. मागचे चाक उचलून थ्रॉटल पूर्ण उघडावा व सोडावा. तो स्वतःहून झटकन बंद झाला पाहिजे. इंजिन बंद करणारे बटणही प्रत्येक वेळी तपासावे. ही चाचणी इमारतीच्या बंदिस्त पार्किंगमध्ये करू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

खेळण्यासारखी दिसते म्हणून ही गाडी सोसायटीबाहेर काढणे हीदेखील चूकच. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये चारपेक्षा कमी चाकांच्या आणि २५ सीसीपर्यंतच्या वाहनालाच 'मोटार वाहन' या व्याख्येतून वगळले आहे. त्यामुळे ४९ सीसीची गाडी नोंदणीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर चालवणे बेकायदा ठरते. अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. ती खासगी, बंदिस्त जागेत किंवा परवानगी देणाऱ्या ट्रॅकवरच चालवावी, तीही हेल्मेट आणि हातमोज्यांसह.

पावसाळ्यात गाडी अनेक आठवडे उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करावी, कार्ब्युरेटरच्या वाटीतील पेट्रोल काढावे आणि प्लगच्या छिद्रातून थोडे दोन-स्ट्रोक ऑइल सोडून दोरी हळूच दोनतीनदा ओढावी. इथेनॉलयुक्त पेट्रोल ओलावा शोषते, आणि वाटीत साचलेल्या पाण्यामुळे स्लो जेटच्या (आयडलवर पेट्रोल देणाऱ्या जेटच्या) बारीक छिद्रात पांढरट थर धरतो. गणपतीनंतर गाडी चालू होईना म्हणून होणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच हे छिद्र साफ केल्याने मिटतात. ते तारेने कोरू नये, कार्ब्युरेटर क्लीनर आणि हवेच्या दाबानेच मोकळे करावे.