राई जंगल म्हणून द्यायची आहे? आधी सातबारा काढा

महसूल खात्यातली माझी सगळी नोकरी रत्नागिरी जिल्ह्यात गेली, मंडळ अधिकारी म्हणून सुटलो. आता मुंबई-पुण्याची माणसं येतात आणि म्हणतात, "काका, मुलं परदेशात, आम्ही दोघं थकलो. आजोबांच्या वेळची राई लाकूडवाल्या ठेकेदाराच्या हाती पडायला नको. जंगल म्हणूनच राहावी. कोणाला देऊ?" कोणाला, ते नंतर बघू. मी पहिल्यांदा सातबारा आणि आठ-अ, म्हणजे खात्याचा उतारा, मागतो.

कोकणात खातं बहुधा सामाईक असतं. आजोबांचे भाऊ, बोरिवलीची आत्या, वारून वीस वर्षं झालेले काका, सगळे अजून सातबाऱ्यावर नांदत असतात. दान करायला निघालेल्या माणसाचा हिस्सा दोन-चार आण्यांचा, आणि तो नेमका कुठला हे जमिनीवर कोणालाच दाखवता येत नाही. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतला न वाटलेला हिस्सा बाकीच्यांच्या संमतीशिवाय बक्षीस, म्हणजे दान, दिला तर तो कायद्यात टिकतच नाही. म्हणून आधी वारसनोंदी करा. जे भाऊबंद हक्क सोडायला तयार असतील त्यांच्याकडून नोंदणीकृत हक्कसोडपत्र घ्या, नुसत्या स्टँपवर लिहून दिलेला कागद नको. जे तयार नसतील त्यांच्याशी वाटणी करा, जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे अर्ज होतो. मग भूमी अभिलेखची मोजणी, पोटहिस्सा आणि हद्दीचे दगड. गडगा, म्हणजे दगडांचा बांध, आहे म्हणून हद्द ठरली असं समजू नका. गडगे सरकतात, विशेषतः मालक मुंबईत असला की.

'इतर अधिकार' हा रकाना लोक वाचतच नाहीत. तिथे कुळाचं नाव निघतं, गावच्या सोसायटीच्या कर्जाचा बोजा निघतो, आणि कधी 'खाजगी वन' असा शेरा. १९७५ च्या कायद्याने खाजगी वनं ३० ऑगस्ट १९७५ पासून सरकारकडे गेली. तो शेरा असेल तर त्याचा निकाल लागेपर्यंत थांबा, नाहीतर सरकारचीच जमीन सरकारला देण्याचा मान मिळायचा. भोगवटादार वर्ग २, म्हणजे सरकारी अटींवर धारण केलेली जमीन, असेल तर परवानगीशिवाय हस्तांतर नाही.

एवढं झालं की मग कोणाला द्यायची तो प्रश्न. माझं मत विचाराल तर मालकी सोडण्याची घाई करू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३६ सी खाली खाजगी जमीन मालकाच्या इच्छेने 'समुदाय राखीव क्षेत्र' म्हणून जाहीर होते. सातबारा तुमच्याच नावावर राहतो. पण एकदा अधिसूचना निघाली की त्या क्षेत्राच्या व्यवस्थापन समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मंजुरी असल्याशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही, तुम्हालाही नाही आणि तुमच्या नातवालाही नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर खाजगी जमिनीच्या समितीत स्वतः मालक, वन खात्याचा प्रतिनिधी आणि पंचायतीचा प्रतिनिधी बसतात. हे काम वेळखाऊ आहे, फाईल नागपूर-मुंबई फिरते. तरी मला हीच वाट आवडते.

संस्थेला द्यायची असेल तर ती सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असावी. त्या कायद्याच्या कलम ३६ मुळे विश्वस्तांना धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय जमीन विकता येत नाही. तुम्हाला मिळणारं खरं संरक्षण तेच. बक्षीसपत्रात 'ही जमीन कधीही विकू नये' असं ठळक अक्षरात घालणारे वकील आहेत, पण तसली सरसकट बंदी मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १० पुढे टिकत नाही. त्यापेक्षा संस्थेच्या उद्देशात वनसंवर्धन स्पष्ट लिहिलेलं आहे का ते पाहा. ठरावीक गोष्ट घडली, समजा झाडतोड झाली, तर बक्षीस रद्द होईल, अशी अट कलम १२६ खाली घालता येते. मात्र 'माझ्या मर्जीने परत घेईन' असं लिहिलंत की अख्खं बक्षीसपत्रच बाद.

शेतजमीन असेल तर कूळ कायद्याचं कलम ६३ आडवं येतं. संस्था शेतकरी नसते, म्हणून जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी काढा. मृत्युपत्राने ही अडचण टळते असं अनेकांना वाटतं. गुजरातच्या प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उलट निकाल दिला, आणि तिथला कायदा मूळचा आपलाच १९४८ चा मुंबई कायदा. तेव्हा जे करायचं ते हयातीत करा.

बक्षीसपत्रावर दोन साक्षीदार, सहीपासून चार महिन्यांच्या आत नोंदणी, आणि घेणाऱ्याने तुमच्या हयातीत स्वीकारल्याचा उल्लेख. मुद्रांक किती लागेल ते दुय्यम निबंधकाकडे आधीच विचारा. मुलाला-नातवाला शेतजमीन देताना जी दोनशे रुपयांची सवलत आहे, ती संस्थेला मिळत नाही. आयकरातली देणगीची वजावटही पैशाच्या देणगीला आहे, जमिनीला नाही.

जमिनीबरोबर थोडा पैसाही ठेवा. जमिनी आणि जुन्या वास्तू जपणाऱ्या इंग्लंडच्या नॅशनल ट्रस्टला १८९५ मध्ये फॅनी टॅलबट या बाईंनी वेल्समधला साडेचार एकरांचा डोंगरउतार दिला, ती त्या संस्थेची पहिली जमीन. आता मात्र ती संस्था मोठी मालमत्ता घेताना देखभालीचा निधीही बघते. त्यात हावरटपणा नाही. दर वर्षी शिमग्याच्या आधी वणवा अडवणाऱ्या जाळरेषा काढायला माणसं लावावी लागतात. एक वणवा कातळावरून खाली उतरला की ऐन-किंजळीची कोवळी झाडं गेलीच.

नोंदणीनंतर फेरफाराचा, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलायचा, अर्ज तलाठ्याकडे. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. नमुना ९ च्या नोटिशीवर हरकतीला पंधरा दिवस असतात, तेवढ्यात चुलतभाऊ जागे होतात. फेरफार मंजूर झाल्यावर नवा सातबारा हातात घेऊनच गाव सोडा.

आणि वाडीची वहिवाट विसरू नका. झऱ्यावरचं पाणी, गुरांची वाट, पडलेली सुकी लाकडं गोळा करणं, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं असेल तर बक्षीसपत्रात तसं लिहा आणि मसुदा वाडीत वाचून दाखवा. बाहेरून आलेल्या संस्थेने पहिल्याच वर्षी बेडं, म्हणजे कुंपणाचं फाटक, बंद केलं, तर रात्री ते कोण उघडतं याची चौकशी मीच केलेली आहे, नोकरीत असताना.